हात कुणाचा? फ्लशच्या टाकीतल्या एका डबीची गोष्ट

(जागतिक शौचालय दिनानिमित्त अहमदाबादमध्ये मराठी विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासगटापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



आज १९ नोव्हेंबर. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ साली हा दिवस जागतिक शौचालय दिन म्हणून जाहीर केला. तुमच्यापैकी एकाने मला फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, फ्लशच्या टाकीत बसवायच्या एका लहान डबीवर बोलते. तो जरा थांबला. आंबेडकरी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात ही बाई संडासातल्या डबीवर काय बोलणार, असं त्याला वाटलं असेल. वाटणं साहजिक आहे. पण मी घरगुती वस्तूंचं डिझाइन करते, हेच माझं पोटापाण्याचं काम. आणि जात वस्तूंमध्ये कशी शिरते हे मला पुस्तकांपेक्षा या डबीने जास्त नीट दाखवलं. तुमच्यातले अर्धे जण डिझाइन नाहीतर इंजिनिअरिंग शिकताय. उद्या असलीच कामं तुमच्या टेबलावर येणार आहेत. म्हणून हा विषय.

काही वर्षांपूर्वी मी बंगळुरूच्या एका डिझाइन ऑफिसात नोकरीला होते. तिथे एका कंपनीचं काम आलं. फ्लशच्या टाकीत बसणारा डिस्पेन्सर करायचा, जो प्रत्येक फ्लशबरोबर साफ करणाऱ्या रसायनाचं ठरावीक माप पाण्यात सोडेल. एकदा भरला की महिनाभर चालावा. भारतीय घरांसाठी, स्वस्त. कामाच्या कागदावर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हात न लावता स्वच्छता. त्याखाली वापरणाऱ्या व्यक्तीचं वर्णन. वय ३६, गृहिणी, दोन मुलं, मोठ्या शहरात फ्लॅट, टॉयलेट साफ करायला आवडत नाही.

मी कामाला लागले. आधी ही वस्तू चालते कशी ते सांगते, कारण पुढचा सगळा वाद त्यातूनच निघतो.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे वडी. टाकीत टाकायची आणि विसरायचं. तिच्यात साबण, निळा रंग, वास आणि पुष्कळदा क्लोरीन असतं. अडचण अशी की वडी फ्लशची वाट पाहत नाही, पाण्यात आहे तोवर विरघळतच राहते. घर आठवडाभर बंद राहिलं तर टाकीतलं पाणी चांगलंच तीव्र होऊन बसतं. आतले रबरी वॉशर कडक होतात, झिजतात, टाकी गळायला लागते. टाक्या बनवणारे पुष्कळ उत्पादक माहितीपत्रकातच सांगतात की टाकीत क्लोरीनच्या वड्या टाकू नका.

दुसरा प्रकार मापाचा. बाटली उलटी बसवायची. तिच्या तोंडाशी एक लहान कप्पा, तेच माप. टाकी भरलेली असते तेव्हा कप्प्याच्या वाटेत हवेचा बुडबुडा अडकून राहतो, त्यामुळे आतलं रसायन बाहेरच्या पाण्यात मिसळत नाही. फ्लश झाला, पाणी खाली उतरलं, की कप्प्यातलं माप पडतं. टाकी परत भरली की बुडबुडा परत अडकतो. बॅटरी नाही, स्प्रिंग नाही. नुसत्या पाण्याच्या पातळीवर चालतं.

तिसरा प्रकार परदेशात दिसतो. तिथल्या टाक्यांत भरताना थोडं पाणी एका बारीक नळीने भांड्यात सोडतात. त्या नळीतच डबी बसवली की रसायन टाकीतल्या भागांना लागतच नाही. आपल्याकडच्या पुष्कळ टाक्यांत ती नळीच नसते. म्हणून मी दुसरा प्रकार धरला.

आकडे फार लहान असतात. टाकी ८ लिटरची आणि लिटरला १० मिलिग्रॅम रसायन हवं, तर एका फ्लशला ८० मिलिग्रॅम. चार माणसांच्या घरात दिवसाला १२ फ्लश धरले तर रोज जेमतेम एक ग्रॅम. महिन्याला २९ ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा पुडीसाठी ही सगळी खटपट.

मग भारतीय घरांतल्या अडचणी. दोन बटणांच्या टाकीत अर्ध्या फ्लशला ३ लिटर पाणी जातं, पूर्ण फ्लशला ६ लिटर. अर्ध्या फ्लशला पातळी थोडीच उतरते. डबीचं तोंड त्या पातळीच्या खाली राहिलं तर माप पडतच नाही. शिवाय दुपारी सोसायटीचं पाणी बंद होतं, लोक बादलीने पाणी ओततात आणि टाकी कोरडी राहते. टाकी कोरडी असली की बुडबुडा अडकवायला पाणीच नसतं. माझा पहिला नमुना अशाच एका दुपारी थेंब थेंब गळत राहिला आणि संध्याकाळी पहिल्या फ्लशला भांडं शाईसारखं निळं झालं. ती चूक माझीच. बंगळुरूच्या ऑफिसात चोवीस तास पाणी होतं, त्यामुळे कोरडी टाकी माझ्या डोक्यातच आली नव्हती.

इथवरचं सगळं तांत्रिक. आता घरांत जाऊ.

नमुने प्रत्यक्ष घरांत लावून बघायचे होते. मी पुण्याची, भाषा माझी, म्हणून पुण्यातली काही घरं माझ्याकडे आली. कागदावरच्या वर्णनासारखीच घरं. दार उघडणारी बाई खरोखर पस्तीस-चाळिशीची गृहिणी. मी विचारायचे, ताई, टॉयलेट कसं साफ करता, दाखवाल का? ताई म्हणायची, "अहो, ते मी नाही करत. मावशी येतात दहा वाजता. तेव्हा या."

एका घरात नाही, जवळपास प्रत्येक घरात हेच. शिवाय ही मावशी धुणंभांडी करणारी नव्हे. स्वयंपाकाची बाई वेगळी, धुण्याभांड्याची वेगळी आणि संडास-बाथरूमवाली वेगळी. ओट्यापाशी जी येते ती संडासात जात नाही आणि संडासात जाते तिला ओट्यापाशी येऊ देत नाहीत. कुणी तोंडाने जात विचारत नाही, विचारावी लागतही नाही. १९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या न झालेल्या भाषणात श्रम वाटले जाणं आणि श्रमिक वाटले जाणं यातला फरक मांडला. तो फरक बघायचा असेल तर शहरातल्या टूबीएचके फ्लॅटमध्ये सकाळी आठ ते अकरा बसून राहा.

म्हणजे कागदावर जी 'वापरणारी' होती तिने त्या वस्तूला हात लावायचाच नव्हता. ती विकत घेणारी होती. वापरणारी दहा वाजता येणार होती.

मग मी दहा वाजता जायला लागले. एका मावशींचं काम बघताना जे झालं ते सांगते. त्या घरात टाकीत आधीपासूनच क्लोरीनची वडी होती. घरचे चार-पाच दिवस गावाला जाऊन आदल्या रात्री परतले होते. मावशींनी नेहमीप्रमाणे भांड्यात ॲसिड ओतलं, बेसिन घासून घेतलं, परत येऊन ब्रश मारला आणि फ्लश ओढला. दोन मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. मावशी खोकत बाहेर आल्या, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "आज ॲसिड कडक आलंय बघ, पोरी."

ॲसिड कडक नव्हतं. संडासाच्या बाटलीतलं द्रव्य म्हणजे साधारण दहा टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक आम्ल. क्लोरीनच्या वडीचं पाणी त्यावर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. माप कमी असेल तर थोडा. वडी चार-पाच दिवस साचलेल्या पाण्यात विरघळत पडली असेल तर जास्त. जागा किती? चार फूट बाय पाच फूट, वर एक झरोका, तोही बहुतेक बंद. मावशी म्हणाल्या, "हे लोक गावावरून आले की असंच होतं." म्हणजे पहिलीच वेळ नव्हती. कारण तेवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वडीच्या पाकिटावर सूचना होती. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि ते पाकीट ताईंनी कधीच कचऱ्यात टाकलं होतं. ॲसिडची बाटली तर दारावर येणाऱ्याकडून घेतलेली, जुनी पाण्याची बाटली, तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. ॲसिडहल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. पण संडासाच्या ॲसिडची अशी बाटली अजूनही दारावर येते.

यातली खरी अडचण पुढची आहे. क्लोरीन असलं तर ॲसिड लागायला नको, असं तुम्हाला वाटेल. लागतं. बोअरच्या पाण्याने भांड्यावर जो पांढरा-पिवळा थर धरतो तो मुख्यतः कॅल्शियमच्या क्षारांचा. क्लोरीन जंतू मारतं, रंग उडवतं, पण क्षार विरघळवत नाही. त्याला आम्लच लागतं. त्यामुळे टाकीत क्लोरीन बसवलेल्या घरातही आठवड्याला ॲसिड येणारच आणि दोन्ही एकाच भांड्यात भेटणारच. हा अपघात म्हणता येणार नाही, तो त्या वस्तूतच आखलेला आहे. भेटतील तेव्हा समोर कोण वाकलेली असेल, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचंही उत्तर ठरलेलं आहे.

मित्रांनो, ही मावशी मला परकी नव्हती. माझी आई पुण्यात सोसायट्यांमध्ये हेच काम करायची. मी मेहतर समाजातली आहे. शिष्यवृत्तीवर शिकले, डिझाइनच्या कॉलेजात गेले. आई हाताला दुधाची रिकामी पिशवी घालून मनगटाला रबर बँड लावायची, तो तिचा हातमोजा. एका हाताचाच, कारण दुसऱ्या हाताने ब्रश घट्ट धरावा लागतो. बोटांच्या पेरांची कातडी निघालेली असायची. रात्री खोबरेल लावायची. खोकलाही होता. तो कशाने होता हे मला माहीत नाही आणि इथे उगाच दावा करणार नाही. मला एवढंच आठवतं की घरी आली की ती बराच वेळ उंबऱ्यात बसून राहायची, मोकळ्या हवेला.

जे संडास ती दिवसभर घासायची त्यातला एकही तिला वापरता येत नव्हता. सोसायटीच्या जिन्याखाली वॉचमनचा एक होता, तो उघडा असला तर.

आणि मी काय केलं होतं? पहिल्या सादरीकरणात डबी धरलेला हात दाखवायचा होता. मी इंटरनेटवरून एक फोटो घेतला होता. गोरा हात, नखांना फिकट गुलाबी पॉलिश. आईच्या पैशाने शिकलेली मी, आणि डबी धरायला मला असा हात सापडला. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप झालं. शिक्षण आपल्याला कुणाच्या डोळ्यांनी बघायला शिकवतं, ते असं कळतं.

पुण्याहून परत आल्यावर मी रचना बदलली. चार बदल सुचवले.

पहिला, डबीत क्लोरीन नको. त्याऐवजी सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व, आणि थोडा साबण. रोज थोडं थोडं गेलं तर क्षाराचा थर मंद गतीने धरतो आणि कडक ॲसिडची पाळी कमी वेळा येते. जादू नाही, ब्रश मारावाच लागतो. शिवाय लिंबूसत्त्वही आम्लच, क्लोरीनबरोबर तेही धोक्याचंच. म्हणून डबी टाकीत अशी बसवली की तिच्या शेजारी वडी टाकायला सोयीची जागा राहू नये, आणि वर दोन बाटल्यांवर फुली मारलेलं ठळक चित्र. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं.

दुसरा बदल भरण्याचा. आपल्या टाक्यांची झाकणं काढून बघा. दोन बटणांच्या टाकीत बटण झाकणाला आटे लावून बसवलेलं असतं, ते ओल्या हाताने सोडवावं लागतं. जुन्या टाक्या भिंतीवर उंच असतात. भारतीय पद्धतीच्या संडासात त्या टाकीपर्यंत पोचायला ओल्या पायऱ्यांवर उभं राहून हात वर करावा लागतो. भिंतीत दडवलेल्या टाकीला तर बटणाची पट्टी काढल्याशिवाय आत जाताच येत नाही. म्हणून झाकण महिन्यातून एकदाच उघडावं लागेल आणि कॅसेट मोठ्या कानाला धरून, रसायनाला बोट न लागता, ओढता-बसवता येईल असं केलं. हातमोजा घातलेल्या, साबणाने निसरड्या झालेल्या हातात मावेल एवढा कान.

तिसरा, सूचना मराठी, हिंदी, कन्नड, गुजराती अशा भाषांत आणि कॅसेटवरच, फेकायच्या खोक्यावर नाही.

चौथा बदल सगळ्यात स्वस्त होता. प्रत्येक भरणीच्या पाकिटात रबरी हातमोज्यांची एक जोडी.

बैठकीत पहिल्या तीन बदलांवर चर्चा झाली. क्लोरीनबद्दल ते म्हणाले, स्वच्छतेचा वास म्हणजे क्लोरीनचा वास, तो काढला तर गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटणार नाही. भाषांबद्दल म्हणाले, जागा पुरत नाही. चौथ्यावर मात्र लगेच उत्तर आलं. हातमोजे दिले की वस्तू धोकादायक वाटते, गृहिणी घाबरेल. मी म्हटलं, पण भरणारी गृहिणी नाही, मावशी आहे. त्यावर एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "मेड आपली कस्टमर नाही. ती विकत घेत नाही."

त्यात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. हिशेब होता. जात आता अशीच बोलते. पूर्वी विटाळ म्हणायचे, आता युजर आणि कस्टमर म्हणतात. बैठक संपल्यावर आमच्याच ऑफिसातल्या एका वरिष्ठाने माझं कौतुक केलं, "या लोकांबद्दल तुझी एम्पथी फार छान आहे." या लोकांबद्दल! मी हसले आणि थँक्यू म्हटलं. त्या खोलीत मी सांगू शकले असते की तो हात माझ्या आईचा आहे. सांगितलं नाही. नोकरी नवी होती, आडनावावरून कुणाला काही कळलेलं नव्हतं, आणि कळू नये असं मला वाटत होतं. आजच्या भाषणातलं हे सांगायला मला सगळ्यात जड गेलं. पण तुमच्यातले काही जण उद्या त्याच खोलीत बसणार आहेत, म्हणून सांगते.

ती डबी बाजारात आली नाही. माझ्या बोलण्याने थांबली असं समजू नका. मापाचा कप्पा नीट चालेल असा बनवायचा खर्च त्यांच्या किमतीत बसेना, म्हणून थांबली.

आता थोडं मागे जाऊ, कारण हे पहिल्यांदा घडलेलं नाही. माझी आजी नगरपालिकेत होती. टोपलीचे संडास, डोक्यावरून मैला. मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९४९ साली बर्वे समिती नेमली. केंद्राने १९५७ साली मलकानी समिती नेमली. त्या काळात डोक्यावरची टोपली काढायचा एक मोठा सरकारी उपाय होता ढकलगाडी. आजीलाही मिळाली. ती सांगायची, डोकं सुटलं, पण गल्ल्या अरुंद, गाडी आत जायची नाही, मग टोपलीने गाडीपर्यंत आणायचंच. ढकलगाडी ही डिझाइनची वस्तू आहे बरं का. कुणीतरी तिचं चाक आखलं, मूठ आखली. ते ओझं कुणी वाहायचं, हे मात्र त्या आराखड्यात आधीच गृहीत धरलेलं होतं. टोपलीच्या संडासावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा यायला १९९३ साल उजाडलं. त्यातल्या त्रुटी भरून काढणारा दुसरा कायदा २०१३ चा, तो अमलात आला ६ डिसेंबरला.

मग फ्लश आला. लोक म्हणाले, आता मैला दिसतच नाही, तर जात कुठली? पण फ्लशचं पाणी कुठेतरी जातं. आपल्या देशात असंख्य घरांचं ते सेप्टिक टँकमध्ये जातं. तिथे मैला कुजवण्याचं काम जिवाणू करतात. वरून क्लोरीन आणि जंतुनाशकं जास्त गेली तर ते काम मंदावतं आणि गाळ लवकर साठतो. एरवीही ती टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. उपसायला कोण येतं? सरकारने नमस्ते योजनेखाली गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंदणी केली. २०२४ मध्ये पुढे आलेल्या माहितीत सुमारे ३८,००० कामगारांपैकी जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी होते. दोन-तृतीयांशाहून अधिक एकट्या अनुसूचित जातींचे. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, म्हणजे मरणं थांबलेली नव्हती.

तेव्हा टाकीतली ती डबी आणि गटाराचं झाकण या दोन वेगळ्या गोष्टी समजू नका. एकाच नळाची दोन टोकं आहेत. वरच्या टोकाला कुणीतरी 'हात न लावता स्वच्छता' विकत घेतं. तो स्पर्श नाहीसा होत नाही. तो पाइपातून खाली सरकतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला लागतो. तो हात कुणाचा असेल हे ठरवायचं काम आपल्याकडे जात करते. डिझाइनर त्याकडे पाहत नाही, एवढीच जातीची अपेक्षा असते.

यावर दोन बाजूंनी टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतात, तंत्रज्ञान येऊ द्या, जात आपोआप जाईल. आजीच्या ढकलगाडीचं काय झालं ते आत्ताच सांगितलं. दुसरे आपल्यातलेच म्हणतात, असल्या वस्तू सुधारून काय होणार, व्यवस्थाच बदलायला हवी. त्यांना माझं सांगणं एवढंच की व्यवस्था बदलेपर्यंत मावशी रोज दहा वाजता त्या चार बाय पाचच्या खोलीत जाणारच आहेत. आज त्यांच्या छातीत क्लोरीन जाऊ नये, हे बघणंही आपलं काम आहे. आणि त्यांच्या मुलीला ते काम करावं लागू नये, हेही आपलं काम आहे. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही.

शिकणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगते आणि थांबते. कुठलीही वस्तू आखायला घेतली की तिला हात लावणाऱ्या प्रत्येकाची यादी करा. विकत घेणारा, भरणारा, पुसणारा, दुरुस्त करणारा आणि शेवटी कचऱ्यातून उचलणारा. यादीतल्या शेवटच्या माणसाला भेटल्याशिवाय चित्र काढू नका. तो कुठल्या वेळी येतो ते विचारा आणि त्या वेळी जा. वस्तूत धोका असेल तर तो लपवून वस्तू सुंदर करू नका. हातमोजा दिसला तर गिऱ्हाईक घाबरतं, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, मग मोज्याशिवाय कोण घाबरायला हवं?

आणि तुमच्या घरात, हॉस्टेलमध्ये, भाड्याच्या खोलीत संडास असेलच. ब्रश कुठे ठेवलाय ते तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर आज जाऊन बघा. ॲसिड आणि क्लोरीन एका वेळी वापरू नका, झरोका उघडा ठेवा, आणि आपलं भांडं आपण घासा. ज्यांच्याकडे मावशी येत असतील त्यांनी आजच त्यांना त्या दोन बाटल्यांबद्दल सांगा, चांगले हातमोजे आणून द्या, आणि तोच संडास त्यांनाही वापरता येईल असं बघा. यात उपकार काही नाही.

गेल्या दिवाळीत मी त्या जुन्या नमुन्याचा कान आईला दाखवला. तिने धरून पाहिला, मूठ आवळली आणि म्हणाली, "एवढा मोठा कशाला केलास?" मी म्हटलं, हातमोज्यासाठी. ती म्हणाली, "आधी मोजा तरी द्या."

जय भीम. जय सावित्री.